आंधळा केना

१९ ऑगस्ट, मंगळवार

रोहिणी आली होती बॉटनी डिपार्टमेंटला. बारा वर्षांपूर्वीची माझी टी.वाय.ची विद्यार्थिनी, रोहिणी गावित. आता सिन्नरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओलं फडकं, फडक्यात झाड. केन्याच्या कुळातलं, बोटभर उंच, निळसर जांभळं फूल. सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावरून पहिल्या गाडीने आणलं, कारण हे फूल दहाला उमलतं आणि दोनपर्यंत विरघळून त्याचं पाणी होतं. म्हणाली, "मॅडम, आधी तुम्हीच बघा."

बघितलं. तीन पुंकेसर परागवाले, तीन वंध्य. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सगळीकडे उगवते त्या नेहमीच्या जातीत वंध्य पुंकेसरांना पिवळी, तीन पाळ्यांची डोकी असतात. हिच्यात डोकीच नाहीत. नुसत्या काड्या, तळाशी केसांचा झुपका. तिने वीस फुलं उघडून दाखवली. वीसही तशीच. पानं, उंची, लव सगळं नेहमीच्या जातीसारखं, फरक तेवढाच. पण तेवढा पुरतो.

नवीन जात आहे. मला पहिल्या दहा सेकंदांत कळलं. मी म्हटलं, "छान. अजून नमुने बघायला हवेत." आवाज आंबट आला. तिला कळला असेल का?

आहेर सर (विभागप्रमुख, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान) तर पेढे आणायला निघाले होते. पेपर छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं तिने सांगितलं आणि चार वाजेपर्यंत ग्रंथपालालाही माहीत होतं.

माकडहाड दुखतंय. रविवारी मागच्या दारी शेवाळावरून घसरले ते. डॉक्टर म्हणाले, या हाडाचा काही उपयोग नाही हो, पण दुखायला लागलं की महिना घेतं. रबराची गादी घेऊन वर्गात जावं लागतं. पोरी हसतात.

२० ऑगस्ट

सरळ लिहिते. इथे कोण बघतंय? मला मत्सर वाटतोय. साधा नाही, चांगला जळजळीत. तीस वर्षं शिकवलं, येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. सड्यावर, घाटात, नदीकाठी किती फिरले. दोन हजारांच्या वर नमुने दाबले, वाळवले, चिकटवले. एक झाड माझ्या नावावर नाही. एक गवताची काडीसुद्धा नाही. आणि ही डब्यात भाजी आणावी तशी नवी जात घेऊन आली.

२१ ऑगस्ट, गुरु.

टी.वाय.ला आजच नेमका तो तास. अवशेषांगं आणि वर्गीकरणातलं त्यांचं महत्त्व. हा माझा आवडता तास, गेली तीस वर्षं. देवमाशाच्या मांसात दडलेली कमरेची हाडं. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या दोन नख्या. गाईच्या पोटातल्या वासराला वरच्या हिरडीत दात धरतात आणि ते कधीच बाहेर येत नाहीत. पपईच्या नर फुलात खुणेपुरता उरलेला स्त्रीकेसर. मग पाकिटातून बेदाणे काढते, प्रत्येकाला एकेक. ब्लेडने चिरा. बिनबियांचं द्राक्ष म्हणता ना, बघा मधे मऊ ठिपका आहे तो. बी व्हायला निघालं होतं, राहिलं. नाशिकच्या पोरांना हे कोणी सांगितलेलं नसतं. दरवर्षी तोंडं उघडी राहतात.

एक पोरगी, विंचूरची, घरी द्राक्षबाग. विचारते, निकामी आहे तर त्यावरून झाडांची वर्गवारी का करायची, कामाच्या अवयवावरून का नाही? मी सांगितलं ते नेहमीचंच. कामाचा अवयव परिस्थितीला शरण जातो. पाणी जास्त तर पान मोठं, ऊन जास्त तर लव दाट. मासा आणि देवमासा दोघं पोहतात म्हणून दोघांना पर सारखे, पण म्हणून ते भाऊ नाहीत. जो अवयव काहीच करत नाही त्याला कोणी बदलायला लावत नाही. तो घराण्याची खूण जपून बसतो. म्हणून वर्गीकरण करणाऱ्याने आधी निकामी वस्तूकडे बघावं.

वहीत उतरवून घेतलं सगळ्यांनी. रोहिणीनेही बारा वर्षांपूर्वी हेच उतरवून घेतलं होतं. म्हणजे तिचा सगळा शोध माझ्या तासावर उभा आहे. तास माझा, जात तिची.

२४ ऑगस्ट, रवि.

आमचे हे म्हणतात, तुझीच विद्यार्थिनी ना, मग आनंद मान. ह्यांचं बरं आहे. ह्यांच्या हाताखालचा कोणी ह्यांच्या आधी साहेब झाला तेव्हा आठ दिवस घरात भाजीला मीठ कमी होतं की जास्त, यावरून भांडले होते. मी आठवण करून दिली नाही.

आहेर सर काल म्हणाले, "मॅडम, बघा, ती तुमचंच नाव देणार त्या जातीला. गुरूचं नाव देतातच." मी नको नको केलं. चष्मा पुसला.

आज किराण्याच्या यादीमागे माझ्या नावाला लॅटिन शेपूट लावून बघितलं. शोभतं. तीनदा लिहिलं, मग कागद बारीक फाडून ओल्या कचऱ्यात टाकला. एकोणसाठ वर्षांची बाई.

नाव दिलं तर मत्सर जाईल बहुतेक. मोठ्या मनाने माफ करीन.

२८ ऑगस्ट, गुरु.

गणपती दीड दिवसाचा, आज विसर्जन. रोहिणी सकाळी दर्शनाला आली. नागलीचे पापड आणले आईने दिलेले. मोदक दिले, बसवलं. मी स्वतःहून काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं.

तिनेच सांगितलं. नाव ठरलं. आईचं. मंजुळाबाईंचं.

कारण सांगत होती आणि मी आरतीचं ताट पुसत होते. तिच्या आईला, आजीला ही दोन झाडं वेगळी आहेत हे कायमचं माहीत. नागलीच्या वावरात दोन्ही उगवतात. फुलात पिवळे ठिपके असले की तो डोळ्यांचा केना. नसले की आंधळा केना. डोळ्यांच्या केन्याची भाजी करतात, आंधळ्याची नाही, तो घशाला खाजतो. पिढ्यानपिढ्या बायका फूल उघडून बघतात आणि मग खुडतात. "मॅडम, आपण ज्याला वंध्य पुंकेसर म्हणतो त्याच्यावरून माझी आई भाजी निवडते," असं म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मी म्हटलं, "खूप योग्य नाव."

जाताना पाया पडली. "मॅडम, तुम्हाला राग नाही ना आला?" म्हणजे आहेर सर तिच्याजवळही बोलले असणार. मी हसले. हसताना गाल ओढले गेले तेवढं कळलं.

२९ ऑगस्ट

राग आला. भयंकर आला. एका बाईवर, जिला मी एकदा ओझरतं पाहिलंय, जिने भाजी खुडण्यापलीकडे काही केलं नाही.

असं लिहून वाचलं तर किती घाण दिसतं. पण खोडत नाही. खोडायची सवयच नाही आम्हाला. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा नियम, जुन्या लेबलवर रेघ मारायची नाही. चुकलं असेल तर शेजारी नवी चिठ्ठी चिकटवायची, सही-तारखेनिशी. चूकही राहते, दुरुस्तीही राहते.

पापड तळले नाहीत. डब्यात आहेत.

६ सप्टेंबर, शनि.

आज अर्धा दिवस. कपाटांत नवीन डांबरगोळ्या घालायच्या म्हणून मी थांबले. खोटं कशाला, केन्याच्या कुळाची फाइल बघायला थांबले.

सापडली.

नेहमीच्या जातीच्या फोल्डरमध्ये, खालून चौथी शीट. नंबर ४१२. हतगडचा सडा, सप्टेंबर, बारा वर्षांपूर्वीचा. टी.वाय.ची सहल. संकलक म्हणून माझं नाव. माझं अक्षर, तेव्हा बरं होतं. "फूल निळसर जांभळे. पुंकेसर ३." बास, एवढंच. वंध्य पुंकेसरांबद्दल अक्षर नाही.

फूल दाबताना विरघळलेलं, नुसता डाग. पण कोपऱ्यात कागदी पुडी चिकटवलेली होती, तिच्यात सहा कळ्या. एक कळी कोमट पाण्यात भिजवली, अर्धा तास बसून राहिले. मग सुईने उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली.

तीन काड्या. डोकी नाहीत.

आंधळा केना. माझ्या कपाटात. बारा वर्षं. तिच्या आधी बारा वर्षं.

एवढा आनंद कधी झाला होता आठवत नाही. एकटीच हसत होते. रबराच्या गादीवर बसून.

८ सप्टेंबर

हिशेब सोपा आहे. पेपरात आधीचे सगळे नमुने द्यावे लागतात. म्हणजे ४१२ द्यावा लागणार. म्हणजे या जातीचा पहिला नमुना गोळा करणारी मी. जातीचं नाव काहीही असू दे, पहिला संकलक म्हणून माझं नाव कायमचं.

पण मग शीट उघडून दाखवावी लागणार. आणि शीटवर लिहिलेलं आहे, पुंकेसर ३. निकामी अवयवांवर तीस वर्षं व्याख्यानं देणाऱ्या बाईने निकामी अवयव मोजलेच नाहीत. मोजले असते तर आज...

दुपारी रोहिणीचा फोन. महिनाअखेर पेपर पाठवायचा आहे, कॉलेजच्या कपाटात हतगडकडचे जुने नमुने असतील तर बघायचे आहेत. मी म्हटलं कपाटांत औषध घातलंय, वीसपर्यंत उघडत नाही. औषध घातलंय हे खरंच आहे.

१० सप्टें.

ह्यांनी विचारलं, हल्ली गुणगुणतेस काय? मी गुणगुणत होते हे मला माहीत नव्हतं.

१२ सप्टेंबर, शुक्र.

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

पुडीतल्या उरलेल्या पाच कळ्या भिजवल्या. कशासाठी? एकाला तरी डोकं निघावं म्हणून. एका झाडात काही फुलं आंधळी, काही डोळ्यांची निघाली, तर खूण पक्की नाही. खूण पक्की नाही तर जात नाही. रोहिणीची जात खलास आणि तेही माझ्या शीटमुळे, माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली. देवाजवळ अक्षरशः मागितलं, एकाला डोकं असू दे.

पहिली आंधळी. दुसरी आंधळी. तिसरीत पिवळं काहीतरी दिसलं. सुईने हलवलं. कसल्यातरी किड्याचं अंडं होतं. चौथी, पाचवी आंधळी.

सहाच्या सहा. कोणी काही काम न देता, बारा वर्षं पुडीत पडून, जशीच्या तशी खूण सांगत होत्या. तासाला मी जे सांगते ते खरंच खरं आहे, आणि त्याचा मला राग आला.

हात धुतले. नंतर सुई जागेवर ठेवताना वाटलं, ही बाई कोण आहे?

१३ सप्टेंबर

रोहिणी म्हणते, उद्या जागेवर येऊन बघा, तुमचं मत पाहिजे. हो म्हटलं. आमच्या ह्यांना वाटलं मी निवळले. मी मदतीला चाललेली नाही. कळ्या सहाच होत्या, सड्यावर हजार फुलं असतील. हजारात एखादं तरी चुकार असेलच.

१४ सप्टेंबर, रवि.

रोहिणीबरोबर सकाळी सहाची सुरगाण्याची गाडी. दिंडोरीपर्यंत बरी गेली, पुढे रस्त्याने माकडहाडाचा जीव घेतला. शाल गुंडाळून बसायला घेतली होती, ती घसरायची. रोहिणीने स्वतःची ओढणी घडी करून दिली. घेतली.

सड्यावर अकराला पोचलो. फुलं उमललेली. मी लेन्स घेऊन गुडघ्यावर बसले आणि फूल फूल बघितलं. साठ, सत्तर, पुढे मोजणं सोडलं. डोळ्यांचे आणि आंधळे शेजारी शेजारी, मुळं एकमेकांत अडकलेली, पण मधलं असं एकही नाही. रोहिणीला वाटलं मी तिच्यासाठी एवढी खपते आहे. पाणी आणून दिलं दोनदा. सावलीला छत्री धरून उभी राहिली. तिच्या छत्रीखाली बसून मी तिची चूक शोधत होते. मिळाली नाही.

मग पाड्यावर, घरी. मंजुळाबाई. माझ्याच वयाच्या असतील, दिसतात थोरल्या. नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं, केन्याची भाजी. डोळ्यांचा. हात धुवून बसल्या समोर आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमीच त्या मॅडम. फुलाला डोळं नसत्यात म्हनल्या त्या."

मला कळेना. रोहिणी म्हणाली, आई, जेवू दे त्यांना. पण मंजुळाबाईंनी सांगितलंच, मजेत, काही मनात न धरता. त्या सहलीच्या दिवशी पोरगी संध्याकाळी घरी उतरली, मॅडमना फूल तोडून दाखवलं म्हणाली, हा आंधळा आहे, याला डोळे नाहीत. मॅडम सगळ्यांसमोर हसल्या. फुलांना डोळे नसतात म्हणाल्या.

"मी म्हनलं, असू दे गं. शहरात लागत नसत्याल डोळं."

आणि आठवलं. सगळंच्या सगळं. चाळीस पोरं, भज्यांचा कागद, मी खडकावर उभी, आणि एक सावळी मुलगी हात पुढे करून. तळहातावर फूल. मी काय म्हणाले तेही, कोणत्या सुरात तेही. पोरं हसली होती. फूल चांगलं होतं म्हणून मी तिच्या हातातून घेतलं, झाड उपटून आण म्हटलं, तिने आणलं, आणि वर्तमानपत्रात ठेवून नंबर टाकला. ४१२. सहलीत कोणीही तोडलं तरी नंबर शिक्षकाचा, ही आमची रीतच आहे. माझ्या सरांनीही माझी झाडं अशीच घेतली.

तिने मला तीन काड्या दाखवल्या होत्या. मी तिला हसून गप्प केलं, मग संध्याकाळी लेबलवर लिहिलं पुंकेसर ३.

भाजी संपवली. घशाला खाजली नाही. परतीच्या गाडीत रोहिणी म्हणाली, आई काहीही बोलते मॅडम, लक्षात ठेवू नका. तिची ओढणी अजून माझ्याखाली होती.

१६ सप्टेंबर

वाटलं होतं की आता तरी मत्सर जाईल. लाज वाटली की मत्सर जातो असं मला वाटायचं. नाही जात. दोघं शेजारी शेजारी राहतात, सड्यावरच्या त्या दोन झाडांसारखे. आता तिच्या आणखी एका गोष्टीचा हेवा वाटतो. विसाव्या वर्षी, हसणाऱ्या चाळीस जणांसमोर, तिला दिसलं होतं. मला सूक्ष्मदर्शक असून दिसलं नाही.

आणि तिने बारा वर्षं मला ते ऐकवलं नाही. फूल मिळाल्यावर आधी माझ्याकडे आणलं. ते का? मोठेपणा दाखवायला? की खरंच आदराने? मला खरंच असलेलं नको आहे.

१८ सप्टें.

चिठ्ठीचे मसुदे.

एक: "नमुना क्र. ४१२ पुन्हा तपासला. वंध्य पुंकेसर ३, डोकीविरहित. नवीन जात." खाली माझी सही. खोटं एक अक्षर नाही यात. अशी चिठ्ठी लावली तर मी सावध अभ्यासक ठरते, स्वतःची चूक स्वतः पकडणारी. आहेर सर टाळ्या वाजवतील.

दोन: तेच, आणि पुढे "संकलन रोहिणी गावित".

तीन: लिहिला नाही. मनात आहे.

एक नंबरचा मसुदा सुबक अक्षरात उतरवून ठेवला आहे.

१९ सप्टें.

पापड तळले. ह्यांनी सहा खाल्ले. चांगले होते.

२२ सप्टेंबर, सोम. घटस्थापना

रोहिणी अकराला आली. मी शीट आधीच काढून टेबलावर ठेवली होती. चिठ्ठी नव्हती लावली, कुठलीच. का, ते सांगता येत नाही. तिने काय ते बघावं, असं असेल.

बघितली. खूप वेळ. लेबल वाचलं, पुंकेसर ३ या शब्दांवर बोट ठेवलं आणि उचललं. पुडी उघडली, कळ्या भिजवलेल्या आहेत, उघडलेल्या आहेत, हे तिला कळलंच. म्हणजे मी आधी बघितल्या आणि सांगितलं नाही, हेही कळलं. मग शांतपणे विचारलं,

"मॅडम, ही त्याच सहलीची ना. कोणी तोडली होती, आठवतं?"

मंजुळाबाईंचं बोलणं दोघींनी ऐकलेलं. आठ दिवस झाले. तरी विचारलं. दार उघडून बाजूला उभं राहावं तसं विचारलं. आणि मी म्हटलं,

"चाळीस पोरं होती गं."

"हो. चाळीस होती."

मग तिने वही काढली आणि लेबलवरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. ठिकाण, महिना, संकलक म्हणून माझं नाव, नंबर ४१२. फोटो काढला. म्हणाली, "पेपरात असंच जाईल मॅडम. नमुन्यावर जे आहे तेच लिहायचं, आपल्या मनातलं नाही. तुम्हीच शिकवलंय." टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. गुरुवारी पेपर पाठवणार आहे.

ती गेल्यावर प्रॅक्टिकल घेतलं. पोरांना काय दाखवलं कोण जाणे.

पाचला सगळे गेले तेव्हा तिसरा मसुदा लिहिला. "हे झाड टी.वाय.ची विद्यार्थिनी रोहिणी गावित हिने तोडले. वंध्य पुंकेसरांना डोकी नाहीत हे तिने तेव्हाच जागेवर दाखवले होते. मी ऐकले नाही व मोजले नाहीत." सही. आजची तारीख. अक्षर वाईट आलं. पहिल्या मसुद्याची सुबक चिठ्ठी शेजारीच ठेवली होती, तीही बघितली.

तिसरी चिकटवली. लेबलच्या उजवीकडे, सरळ. वर टिपकागद, वर ठोकळा.

मोकळं वगैरे काही वाटलं नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी ही शीट काढेल आणि माझं नाव ज्या एका ओळीत असेल ती ही ओळ असेल. वाचून हसेल तो. माझ्यासारखाच.

गुरुवारच्या आत चिठ्ठीचा फोटो रोहिणीला पाठवला तरच ती पेपरात येणार. नाहीतर कपाटात राहील, जगाला ४१२ माझाच. मोबाईल पर्समध्ये आहे. फोटो काढला नाही अजून.

डिंक सकाळपर्यंत सुकतो. तोवर चिठ्ठीखाली नख घातलं तर कागद न फाटता निघते. शिपाई कुलूप लावायला आला होता. कपाटाची किल्ली रोज त्याच्याकडे देते, आज दिली नाही.